शिशाची पलटण आणि तिचे सोबती

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर सँडगेट नावाचे एक लहानसे गाव आहे. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात कादंबरीकार एच. जी. वेल्स यांचे वास्तव्य तेथे असे. त्या गावी एके दिवशी वेल्स आणि त्यांचे एक स्नेही यांचे दुपारचे भोजन आटोपत आले होते आणि कॉफी यावयाची होती. खोलीत एका लहान मुलाची खेळणी पसरलेली होती. शेजारच्या टेबलावर चार-पाच शिशाचे शिपाई आणि इंचभर लांबीचे लाकडी नळकांडे फेकणारी एक स्प्रिंगची तोफ होती. स्नेह्यांनी खुर्ची त्या टेबलाकडे ओढली, तोफ न्याहाळली, भरली, नेम धरला आणि एक शिपाई पाडला. लगेच बढाई मारून त्यांनी वेल्स यांना आव्हानही दिले. या स्नेह्यांचा उल्लेख वेल्स यांनी केवळ आद्याक्षरांनी केला आहे. परंतु ते विनोदी लेखक जेरोम के. जेरोम होत, असे सामान्यतः मानले जाते.

त्या नेमबाजीतून पुढे रीतसर खेळ निर्माण झाला. नुसते शिपाई पाडण्यात मौज ती किती? म्हणून ज्ञानकोशाचे जाड ग्रंथ जमिनीवर मांडून त्यांच्या टेकड्या झाल्या, लाकडी ठोकळ्यांची घरे झाली, डहाळ्यांची झाडे झाली. पहिल्या प्रयोगांपैकी एकाच्या वेळी काही स्त्रिया भेटीस आल्या आणि त्यांनी जमिनीवरील त्या पसाऱ्याकडे तुच्छतेने पाहिले, अशी तक्रार वेल्स यांनी नमूद करून ठेवली आहे. पाहुण्यांच्या मनात खरोखर काय आले असेल, हे मात्र कोणी लिहून ठेवले नाही! पुढे नियम ठरले. पायदळाने एका पाळीत एक फूट चालावे, घोडदळाने दोन फूट; तोफेजवळ चार माणसे असतील तरच ती हलावी किंवा डागली जावी; आणि प्रत्येकाची पाळी घड्याळ लावून मोजावी. हे सर्व वेल्स यांनी इ. स. १९१३ मध्ये ‘लिटल वॉर्स’, म्हणजे ‘छोटी युद्धे’, या नावाच्या लहानशा पुस्तकात प्रसिद्ध केले.

ज्यांनी हा खेळ पाहिला नसेल त्यांच्यासाठी त्याचे आजचे स्वरूप थोडक्यात सांगणे अवश्य आहे. सहा फूट लांब व चार फूट रुंद असे एक टेबल. त्यावर हिरवे कापड, टेकड्या, एखादी नदी, कुंपणे, एखादे खेडे. दोन्ही अंगांस बोटाच्या दोन पेरांएवढे शेकडो शिपाई, प्रत्येक जण आपापल्या पलटणीच्या गणवेशात. खेळणारे दोघे किंवा चौघे-सहा. पाळीपाळीने ते आपले सैन्य मोजपट्टीने मोजून पुढे सरकवितात. गोळीबाराचा व हातघाईचा निकाल फाशांवर लागतो. बुद्धिबळात सर्व काही बुद्धीच्या हाती असते. येथे उत्तम बेत रचूनही फाशावर एक पडला की घोडदळ उधळते. एक लढाई सहज तीन-चार तास चालते. परंतु तिच्या तयारीस, म्हणजे शिपाई जमविणे, ते रंगविणे आणि रणभूमी सजविणे यांस, महिनेच्या महिने लागतात. या छंदाचे खरे अंतरंग त्या तयारीतच आहे.

शिपाई आधी येतात कोठून? अठराव्या शतकात न्यूरेंबर्ग येथील हिल्पर्ट घराण्याने पाटीच्या दगडात साचे कोरून कथलाचे चपटे शिपाई ओतले. नाण्यासारखे पातळ असल्याने ते समोरून माणूस दिसत आणि बाजूने रेघ. इ. स. १८९३ मध्ये लंडनच्या ब्रिटन्स या पेढीने एक युक्ती काढली. साच्यात वितळलेला रस ओतावयाचा, बाहेरचा थर गोठला की साचा उलटा करून आतील पातळ रस शिपायाच्या टोपीतील भोकातून काढून घ्यावयाचा. शिपाई पोकळ झाला, धातू वाचला, किंमत उतरली आणि मध्यमवर्गीय घरांतील मुलांच्या हाती पलटणी आल्या. वेल्स यांचे सैन्य या जातीचेच होते. इ. स. १९५९ पासून एअरफिक्सने प्लॅस्टिकचे शिपाई पेटीबंद करून विकण्यास आरंभ केला आणि १९६६ मध्ये ब्रिटन्सने शिशाचे शिपाई ओतणे बंद केले. आज धातू, प्लॅस्टिक, राळ असे सर्व प्रकार मिळतात. कित्येक हौशी लोक तर संगणकास जोडलेल्या यंत्रातून घरीच आकृती छापून काढतात. इ. स. १९८३ नंतर ‘वॉरहॅमर’सारख्या खेळांमुळे राक्षस आणि बुटकेही या टेबलांवर अवतरले. पण रंग द्यावयाचे ते हातानेच. तेथे कोणतीही सुधारणा उपयोगी पडलेली नाही.

रंगकामाची रीत पाहण्यासारखी आहे. प्रथम ओतकामाची जोडरेघ चाकूने व बारीक कानशीने घासून काढतात. ही रेघ राहिली तर रंग चढल्यावर ती जखमेच्या वणासारखी उठून दिसते. मग साबणाच्या पाण्याने शिपाई धुतात, कारण साच्यास लावलेल्या तेलकट पदार्थावर रंग धरत नाही. नंतर काळ्या किंवा पांढऱ्या रंगाचे अस्तर. त्यावर अंगरखा, विजार, पट्टे, कातडी पिशवी, बंदूक असे एकेक रंग. एकच माणूस सुरुवातीपासून शेवटपर्यंत रंगवीत बसत नाहीत. चोवीस शिपायांची ओळ मांडून आधी चोवीस अंगरखे, मग चोवीस विजारी, असा क्रम चालतो. हे काम किती कंटाळवाणे आहे हे ज्याने केले आहे त्यालाच ठाऊक. सोळाव्या विजारीपाशी पुष्कळांचा निश्चय ढळतो.

यानंतर येतो तो छायाप्रकाशाचा भाग. खऱ्या माणसाच्या कपड्याच्या चुणीत सावली आपोआप पडते. इंचभर आकृतीच्या चुणी इतक्या उथळ असतात की तेथे सावली पडतच नाही, आणि सपाट रंगाचा शिपाई खेळण्यासारखा दिसतो. म्हणून रंगविणाऱ्यास सावलीसुद्धा रंगवावी लागते. पातळ केलेला गडद रंग आकृतीवर सोडला की तो खोलगट जागी जाऊन बसतो. मग जवळजवळ कोरड्या कुंचल्याने फिकट रंग उंचवट्यांवरून ओझरता फिरवितात. एवढे केल्याबरोबर चेहऱ्यास हाड येते आणि अंगरख्याच्या आत शरीर असल्याचा भास होतो. डोळ्यांची बुबुळे काढावी की न काढावी, यावर या मंडळींत जुना मतभेद आहे. हातभर अंतरावरून बुबुळ दिसत नाही, हे खरे. काढलेले बुबुळ चुकले तर मात्र शिपाई जन्मभर भेदरलेला दिसतो, हेही तितकेच खरे. अखेरीस पायाखालच्या चकतीवर डिंक लावून वाळू व हिरवा भुसा चिकटवितात आणि सर्वांगावर रोगणाचा हात देतात, कारण हा शिपाई कपाटात राहावयाचा नाही. त्यास पुष्कळ हात लागणार आहेत.

या छंदिष्टांत एक गोड समजूत आहे. नवी रंगविलेली पलटण पहिल्या लढाईत हमखास पळ काढते, असे ते मानतात. तीन महिने खपून सजविलेले तोफखान्याचे पथक पहिल्याच पाळीत नष्ट झाले की प्रतिपक्षी मनापासून हळहळतो आणि लगेच पुढची चाल करतो. दुसरी एक कबुली सर्वांच्याच घरी असते, ती म्हणजे न रंगविलेल्या शिपायांचा ढीग. त्यास ते थट्टेने ‘शिशाचा डोंगर’ म्हणतात. विकत घेण्याचा वेग आणि रंगविण्याचा वेग यांचा मेळ कोणास कधी बसलेला नाही. ग्रंथसंग्रह करणाऱ्यांस हे दुखणे निराळे समजावून सांगावयास नको.

आता रणभूमीकडे वळू. प्रथमदर्शनी वाटते की शिपाई हे मुख्य आणि टेकड्या ही सजावट. वस्तुस्थिती उलट आहे. शिपाई २८ मिलिमीटर उंचीचा धरला तर तो खऱ्या माणसाच्या सुमारे एकसाठांश भरतो. या मापाने बंदुकीचा शंभर यार्डांचा पल्ला टेबलावर पाच फूट होईल आणि तोफेचा आठशे यार्डांचा पल्ला चाळीस फूट. म्हणजे तोफ दिवाणखान्यात आणि लक्ष्य रस्त्यापलीकडच्या शेजाऱ्याच्या माजघरात! म्हणून जमिनीचे माप वेगळे आणि माणसाचे माप वेगळे धरावे लागते. एक घर म्हणजे एक खेडे, पाच झाडे म्हणजे एक अरण्य, एक शिपाई म्हणजे वीस-तीस शिपाई, असा करार खेळणाऱ्यांत आधी होतो. टेकडी गोलाकार व निसर्गासारखी केली तर शिपाई उतारावरून घसरतात. पायऱ्यापायऱ्यांची केली तर ते उभे राहतात, पण टेकडी जिन्यासारखी दिसते. सुंदर व सोयीची टेकडी अद्याप कोणाकडून झाली नाही. झाडे तारेस पीळ देऊन त्यावर रंगविलेले शेवाळ किंवा स्पंज चिकटवून करतात, आणि ती सुटी ठेवतात, म्हणजे पलटण अरण्यात शिरली की झाड उचलून तिला जागा देता येते. नदी रोगणाचे थरावर थर देऊन होते. घाई केली तर वरचा थर वाळतो आणि खालचा चिकटच राहतो.

आपल्याकडील मुलांना या कारागिरीचे नवल वाटावयाचे नाही. दिवाळीत अंगणात दगडमातीचा किल्ला रचणे, त्यावर हळीव किंवा मोहरी पेरून हिरवळ उगवणे, बुरूज लिंपणे, पायथ्याशी मातीची माणसे मांडणे, हे सारे तेच शास्त्र आहे. भेद एवढाच की आपल्या किल्ल्यावर लढाई होत नाही. महाराज सिंहासनावर बसतात, मावळे पहारा करतात, आणि चार दिवसांनी पावसाने किंवा झाडूने किल्ला जमीनदोस्त होतो. टेबलावरच्या खेळात रणभूमी हीच एक बाजू मांडीत असते.

याचे उदाहरण म्हणून आपल्याच भूमीवर झालेली असईची लढाई घ्यावी. इंग्लंडमधील खेळाडू ही लढाई टेबलावर पुनःपुन्हा मांडतात. तारीख २३ सप्टेंबर १८०३. शिंदे व भोसले यांचे सैन्य केळना आणि जुई या नद्यांच्या मधल्या पट्टीत उतरलेले. दक्षिणेकडून आर्थर वेलस्ली त्याच्याहून पुष्कळ लहान सैन्य घेऊन आला. नदीस जवळपास उतार नाही, असे वाटाड्यांनी सांगितले. परंतु दोन तीरांवर दोन खेडी एकमेकांसमोर वसलेली त्याने पाहिली आणि तर्क केला की समोरासमोरच्या खेड्यांतील माणसे एकमेकांकडे गेल्यावाचून राहत नाहीत, तेव्हा तेथे उतार असलाच पाहिजे. तर्क खरा ठरला. सैन्य नदी उतरून बाजूने आले. शिंद्यांच्या कवायती पलटणींनी तोफांसह आपली फळी काटकोनात फिरवून त्याला तोंड दिले, आणि वेलस्लीच्या सैन्याचे पंधराशेंहून अधिक लोक ठार व जखमी झाले.

आता टेबल सजविणाऱ्याची अडचण पाहा. ती दोन खेडी मांडली तर शिंद्यांच्या बाजूने खेळणारा उतारावर तोफा ठेवणार, कारण इतिहास त्यानेही वाचला आहे. न मांडली तर ती असई नव्हेच. कोणी खेडी मांडतात आणि उतार कोठे लागेल ते फाशावर सोडतात. कोणी नदीचे नाव बदलून, टेबल उलटे फिरवून, प्रतिपक्षास असई खेळत असल्याचे कळूच देत नाहीत. ज्याने हा प्रश्न हातांनी सोडविला, त्याला त्या दिवसाचे मर्म क्रमिक पुस्तकातील दहा ओळींपेक्षा अधिक कळते. आणि शिंद्यांच्या तोफा हातांनी मांडणाऱ्यास आणखी एक गोष्ट कळते, की ही लढाई मराठ्यांनी हरलीच पाहिजे होती असे मुळीच नव्हते.

तोच वेलस्ली पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला, आणि लहान शिपायांच्या इतिहासातील सर्वांत करुण प्रकरणाशी त्याचे नाव जडले आहे. इ. स. १८३० मध्ये विल्यम सायबॉर्न नावाच्या लेफ्टनंटास वॉटर्लूच्या रणभूमीची प्रतिकृती तयार करण्याची आज्ञा झाली. या सज्जनाने आठ महिने त्या रणभूमीवरील शेतघरात राहून जमिनीचा चढउतार मोजला. मग हयात असलेल्या अधिकाऱ्यांना पत्रे धाडून विचारले की सायंकाळी सातच्या सुमारास आपली पलटण नेमकी कोठे होती, समोर शत्रू कोण होता, शेतात कोणते पीक उभे होते. शेकडो उत्तरे आली. मध्येच सरकारने पैसा बंद केला. सायबॉर्नने कर्ज काढून काम चालू ठेविले. इ. स. १८३८ मध्ये सुमारे अठरा फूट रुंद व वीस फूट लांब अशी ती प्रतिकृती लंडनमध्ये खुली झाली. तीवर सत्तर हजारांहून अधिक शिपाई होते, प्रत्येक जण जवाच्या दोन दाण्यांएवढा. सुमारे एक लक्ष लोकांनी शिलिंग देऊन ती पाहिली.

परंतु पत्रांच्या आधारे सायबॉर्नने प्रशियाचे सैन्य जेथे आणि जितके दाखविले, ते ड्यूकसाहेबांना रुचले नाही. विजय इंग्रजांनी एकट्याने मिळविला की प्रशियनांच्या साहाय्याने, हा प्रश्न त्या चिमुकल्या शिपायांच्या संख्येवर येऊन ठेपला. पुढे सायबॉर्नने आपल्या हातांनी मांडलेले पुष्कळ प्रशियन शिपाई काढून टाकले. घातलेला पैसा त्यास परत मिळाला नाही, आणि १८४९ मध्ये तो वारला. ती प्रतिकृती आज लंडनच्या राष्ट्रीय सेना संग्रहालयात आहे. सात वाजून गेले तरी तेथील एकही शिपाई पुढे सरकलेला नाही. सायबॉर्नसारखा कारागीर या छंदात पुन्हा झाला नाही, असे म्हटले तरी चालेल. पण त्याच्या टेबलासमोर प्रतिपक्षी कोणी नव्हता, होता तो एक मोठा माणूस.

सोबत्याने काय फरक पडतो, हे पाहावयाचे तर स्वित्झर्लंडमधील दावोस येथे जावे लागेल. इ. स. १८८१–८२ च्या हिवाळ्यात रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन फुप्फुसाच्या विकाराने तेथे राहिला होता. त्याचा सावत्र मुलगा लॉइड तेव्हा तेरा वर्षांचा. घराच्या माळ्यावर, जेथे मोठ्या माणसास ताठ उभे राहता येत नसे आणि थंडीने बोटे आखडून शिपाई उचलवत नसत, तेथे या दोघांनी फळ्यांवर रंगीत खडूंनी नकाशा काढला. पर्वत, नद्या, पूल, चांगले रस्ते आणि वाईट रस्ते. त्यावर आठवडेच्या आठवडे युद्ध चाले. स्टीव्हन्सन त्या युद्धाच्या बातम्या देणारी खोटी वृत्तपत्रे लिही, आणि त्यांत स्वतःच्याच सेनापतींची रेवडी उडवी. लॉइडने ही हकीकत १८९८ मध्ये, सावत्र वडिलांच्या निधनानंतर चार वर्षांनी, एका मासिकात लिहिली. पोक्त वयातही त्याला आठवत होते ते विजय नव्हेत; आजारी माणूस पालथा पडून, डोळा मिटून, नेम धरीत असे, ते दृश्य आठवत होते.

या विषयावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो आणि तो क्षुल्लक नाही. युद्ध ही मरणाची गोष्ट. तिचा खेळ करावा काय? या खेळाची एक शाखा तर सरळ युद्धाकडेच गेली. प्रशियातील फॉन राइसविट्झ नावाच्या गृहस्थाने १८१२ साली राजासाठी रणखेळाचे एक सुरेख टेबल केले आणि त्याच्या मुलाने १८२४ मध्ये नकाशा, फासे व पंच घेऊन त्याची शास्त्रशुद्ध पद्धती बसविली. सेनाधिकाऱ्यांनी ती शिक्षणासाठी उचलली आणि जगातील सैन्यांत ती पसरली. वेल्स यांचा रोख नेमका उलट होता. आपले छोटे युद्ध खेळून पाहा, म्हणजे खरे युद्ध किती अडाणीपणाचे व बोजड आहे ते समजेल. येथे कोणाचे शरीर फुटत नाही, कोणाचे घर जळत नाही, असा त्यांचा युक्तिवाद. पुस्तक निघाले १९१३ मध्ये; पुढच्याच वर्षी ऑगस्टमध्ये महायुद्ध पेटले. युक्तिवाद हरला, हे उघड आहे. तो खोटा होता की काय, हे वेगळे.

कारण त्यानंतर या खेळास ज्यांनी नवे आयुष्य दिले, ती युद्ध न पाहिलेली माणसे नव्हती. डोनाल्ड फेदरस्टोन दुसऱ्या महायुद्धात रणगाड्यांच्या दलात होते. पुढे साउदम्प्टन येथे ते दुखावलेल्या अंगांवर उपचार करण्याचा व्यवसाय करीत आणि तेथील फुटबॉल संघाचे खेळाडूही त्यांच्या हाताखालून जात. त्यांचे ‘वॉर गेम्स’ हे पुस्तक १९६२ मध्ये निघाले आणि गावोगावी एकटे पडलेले छंदिष्ट एकमेकांस पत्रे लिहू लागले. ब्रिगेडियर पीटर यंग यांनी कमांडो दलातून दिएप्प व नॉर्मंडी येथे लढून शौर्यपदके मिळविली होती. १९६७ मध्ये त्यांनीही एका सहकाऱ्यासह या खेळाचे पुस्तक लिहिले, आणि ते विनोदाने ओथंबलेले आहे. ज्यांनी मेलेली माणसे पाहिली, ते शिशाच्या माणसांस युद्ध समजण्याची चूक करणे शक्य नाही. उलट हा प्रकार युद्ध नव्हे याची त्यांच्याइतकी खात्री दुसऱ्या कोणास असणार? त्यांनी त्यातून घेतले ते सायंकाळचे चार तास, हुज्जत घालण्यास एक निरुपद्रवी विषय, आणि टेबलापलीकडे एक माणूस.

हुज्जत तर होतेच. तोफेच्या आड टेकडी येते की नाही हे पाहण्यासाठी पन्नाशीचे गृहस्थ टेबलाच्या कडेस हनुवटी टेकून एक डोळा मिटतात. येते, म्हणतो एक. येत नाही, म्हणतो दुसरा. नियमांचे पुस्तक उघडले जाते. त्यात नेमकी हीच गोष्ट नसते. मग फासा टाकतात आणि जो निघेल तो निकाल दोघेही मानतात.

रात्री खेळ संपतो. पडलेले शिपाई आणि उभे राहिलेले शिपाई एकाच पेटीत, एकाच कापडावर, शेजारी शेजारी निजविले जातात. कोणाची संगीन वाकलेली असते, कोणाच्या टोपीवरचा रंग उडालेला असतो. तेवढे दोघे-चौघे मालक खिशातील आगपेटीत घालून घरी नेतो. टेकड्या खोक्यात जातात, नदीची गुंडाळी होते, कापडावरील भुसा झटकला जातो. पुढची लढाई कोणाच्या घरी, हे दारात उभ्या उभ्या ठरते.